नर्स सर्वांत वर, नेते तळाशी: ही क्रमवारी नेमकं काय मोजते?

प्रश्न असा आहे: "कोणत्या व्यवसायातली माणसं प्रामाणिक वाटतात, याची सर्वेक्षणं दर वर्षी येतात. नर्स कायम पहिल्या, राजकारणी आणि गाड्या विकणारे कायम शेवटी. हे आकडे खरे मानायचे का? आणि मला उद्या डॉक्टर, वकील किंवा गुंतवणूक सल्लागार निवडायचा असेल, तर त्यांचा काही उपयोग आहे का?"

आधी माझी ओळख देतो, कारण या विषयावर बोलणाऱ्याचं स्वतःचं काय गुंतलंय हे ऐकणाऱ्याला माहीत असलेलं बरं. मी ऑडिटर. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. त्यातली शेवटची नऊ वर्षं आमच्याच व्यवसायातल्या लोकांविरुद्ध येणाऱ्या तक्रारी ऐकणाऱ्या शिस्त समितीवर बसलो. या क्रमवाऱ्यांमध्ये आम्ही हिशेबवाले साधारण मधोमध असतो. आमच्यावर कुणी जीव ओवाळून टाकत नाही आणि आमच्या नावाने कुणी बोटंही मोडत नाही. त्यामुळे वरचे वर का आणि खालचे खाली का, हे मला जरा निवांतपणे बघता आलं.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: आकडे खरे आहेत, पण ते प्रामाणिकपणा मोजत नाहीत. समोरच्या माणसाला माझ्याकडून काय मिळवायचंय याचा लोकांनी बांधलेला अंदाज ते मोजतात. तो अंदाज बऱ्यापैकी शहाणपणाचा असतो. मात्र एखादं विशिष्ट माणूस निवडताना तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

आता सविस्तर.

सर्वांत जास्त उद्धृत होणारं सर्वेक्षण अमेरिकेतल्या गॅलप संस्थेचं. ते १९७६ साली सुरू झालं आणि १९९० पासून दर वर्षी होतं. प्रश्न साधा असतो: या या क्षेत्रांतल्या लोकांचा प्रामाणिकपणा आणि नैतिक दर्जा तुम्हाला कसा वाटतो? खूप उच्च, उच्च, सरासरी, कमी की खूप कमी? पहिल्या दोन उत्तरांची बेरीज करून क्रम लावतात. २०२४ च्या फेरीत नर्सना ७६ टक्के मिळाले, प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना ६१, लष्करी अधिकाऱ्यांना ५९, फार्मासिस्टना ५७ आणि डॉक्टरांना ५३. तळाशी काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य ८ टक्क्यांवर, गाड्या विकणारे ७ वर आणि लॉबिस्ट, म्हणजे कंपन्यांच्या किंवा गटांच्या वतीने खासदारांचं मन वळवणारे पगारी लोक, ४ वर.

ब्रिटनमध्ये इप्सॉस या संस्थेचं सर्वेक्षण १९८३ पासून चालत आलंय. त्यातला प्रश्न वेगळा आहे: ही माणसं साधारणपणे खरं बोलतात असा तुमचा विश्वास आहे की नाही? हो किंवा नाही. इथे 'सरासरी' नावाची पळवाट नाही, म्हणून ब्रिटनचे आकडे एकूणच चढे दिसतात. दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवून "ब्रिटिश लोक जास्त भोळे" असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत. ते प्रश्न न वाचता लिहिलेले असतात. गॅलपच्या प्रश्नात तर दोन प्रश्न एकमेकांत गुंफलेले आहेत. माणूस प्रामाणिक असतो पण त्याच्या कामाची नीती वादग्रस्त असते, असं सहज होऊ शकतं. बचाव पक्षाचा एखादा वकील कोर्टात एक शब्दही खोटा बोलत नसेल, तरी "गुन्हेगारांना सोडवतो" म्हणून लोक त्याला खालचे गुण देतील.

आता मूळ मुद्दा. नर्स वर का?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं: त्या सेवा करतात, प्रेमळ असतात. असतीलही. पण प्रेमळ माणसं सगळ्याच व्यवसायांत सापडतात. मला वेगळं कारण जास्त पटतं. नर्स तुम्हाला म्हणते, "ही गोळी घ्या." तुम्ही ती घेतली काय नि न घेतली काय, महिनाअखेर तिच्या हातात पडणारा पगार तोच राहतो. तुमच्या 'हो' म्हणण्यातून तिला काहीही मिळत नाही. शिवाय ती जे करते ते तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच शरीरावर चालतं. सुई दुखली की नाही, रात्री हाक मारल्यावर ती आली की नाही, हे तुम्हाला स्वतःला कळतं. त्यासाठी कुणा तज्ज्ञाची साक्ष काढावी लागत नाही.

या दोन गोष्टी हातात घ्या: तुमच्या होकारातून समोरच्याला काय मिळतं, आणि त्याचं काम तुम्हाला किती पारखता येतं. यादी आपोआप उलगडत जाते. शिक्षक, अग्निशमन दलाचे जवान वरच्या बाजूला. गाड्या विकणारे, विमा विकणारे, लॉबिस्ट खाली. नर्सचा समावेश गॅलपच्या यादीत १९९९ साली झाला. त्याआधीच्या दशकात बहुतेक वर्षं फार्मासिस्ट पहिले असायचे. नर्स आल्यापासून दर वर्षी त्याच पहिल्या, अपवाद फक्त २००१ चा. त्या वर्षी सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अग्निशमन दलाचा यादीत समावेश केला होता आणि त्यांना ९० टक्के मिळाले. जळत्या इमारतीत शिरणाऱ्या माणसाला तुमच्याकडून काय मिळवायचं असतं?

जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला. त्या विचारासाठी २००१ चं नोबेल त्याला दोघांबरोबर वाटून मिळालं. त्याचं म्हणणं असं: गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरसकट सगळ्याच गाड्यांना खराब गाडीचा धोका धरून भाव देतो. तो भाव परवडत नाही म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, आणि उरतात त्या बहुतेक खराबच. यात कुणाच्याही चारित्र्याचा प्रश्न नाही. सगळे विक्रेते उद्या साधुसंत झाले, तरी घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसेल तर संशय तसाच राहणार. गाडी विकणारा बिचारा त्या खुर्चीचा दंड भरतोय.

डॉक्टर, वकील, गॅरेजवाला, आणि हो, ऑडिटर, यांचं प्रकरण याहून अवघड. गाडी निदान चार महिन्यांनी बंद पडते आणि आपण फसलो हे कळतं. यांच्या बाबतीत काम झाल्यावरही कळत नाही. शस्त्रक्रिया झाली, बरे झालात. पण तिची गरज होती का? खटला हरलात. वकील कमी पडला की तुमची बाजूच लंगडी होती? अशा सेवा मुळातच विश्वासावर घ्याव्या लागतात, आणि ज्याने दुखणं शोधायचं त्यानेच उपाय विकायचा असेल तर हा विश्वास ताणला जातो. डॉक्टर आणि नर्स एकाच वॉर्डात, एकाच रुग्णासाठी राबतात, तरी गॅलपमध्ये त्यांच्यात २३ टक्क्यांचं अंतर आहे. ते मनाच्या चांगुलपणातलं अंतर असेल असं मला वाटत नाही. तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया 'लिहून देण्याचा' अधिकार डॉक्टरकडे आहे, आणि बिल त्या लिहिण्यातून जन्मतं.

हितसंबंधाने सल्ला कसा वाकतो याचं मला आवडणारं उदाहरण घरांच्या दलालांचं आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्री व्यवहारांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळते, असं त्यात दिसलं. म्हणजे गिऱ्हाइकाला "आलेली ऑफर चांगली आहे, घेऊन टाका" म्हणणारा माणूस स्वतःच्या घराच्या वेळी दीड आठवडा धीर धरतो. यात कुणी खोटं बोललं असं सिद्ध करता येणार नाही. जास्तीच्या किमतीतला त्याचा वाटा इतका किरकोळ असतो की त्यासाठी आणखी दहा दिवस खपणं त्याला परवडत नाही, एवढंच. मी ऑडिटमध्ये अशी माणसं खूप पाहिली. लबाड म्हणावीत अशी फार थोडी होती. बाकीच्यांचा तराजू जन्मापासून एका बाजूला किंचित झुकलेला, आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसायचं.

वकिलांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. गॅलपमध्ये ते वीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतात. पण वकील हा एका पक्षाच्या बाजूने उभा राहण्यासाठीच नेमलेला असतो. अशिलाचं गुपित राखणं हे त्याचं कर्तव्य आहे. समोरच्या अशिलाला तो लबाड वाटणारच. प्रत्येक खटल्यात निम्मे लोक हरतात, आणि हरलेल्यांतले बरेच जण दोन्हीकडच्या वकिलांवर चिडतात. कर्तव्य नीट पार पाडल्याबद्दलही गुण कापले जातात असा हा व्यवसाय आहे. तिथे वीस टक्के म्हणजे वाईट नाहीत, असं मी वकील मित्रांना सांगतो. ते हसत नाहीत.

आणखी एक गंमत. व्यवसायाबद्दल विचारलं की लोक नाक मुरडतात, पण 'तुमचा नेहमीचा' म्हटलं की सूर बदलतो. रिचर्ड फेनो या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे नोंदवलं होतं: काँग्रेस या संस्थेचा लोकांना तिटकारा, पण आपल्या मतदारसंघातला सदस्य मात्र बरा, म्हणून त्यालाच पुन्हा पुन्हा निवडून देतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शाळा वाईट पण आमच्या मुलीच्या बाई छान, वकील वाईट पण आमचे वकीलसाहेब तसे नाहीत. यातला कोणता अंदाज बरोबर? माझ्या अनुभवात दोन्ही अर्धवट. व्यवसायाबद्दलचा अंदाज बातम्यांवर पोसलेला असतो आणि 'आपल्या' माणसाबद्दलचा अंदाज त्याच्या वागण्याबोलण्यातल्या गोडव्यावर. समितीसमोर आलेल्या तक्रारदारांपैकी बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असायचं: "माणूस इतका चांगला वाटायचा हो."

आता विश्वास कोसळतो कसा. या विषयात मला सर्वांत जास्त सांगण्यासारखं हेच आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की एखाद्याने भयंकर काही केलं की सगळा व्यवसाय बदनाम होतो. इतिहास तसं सांगत नाही. ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरला जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. पुढे सरकारी चौकशीने २००२ मध्ये बळींचा आकडा २१५ वर नेला. घराघरांत जाऊन म्हाताऱ्या रुग्णांना मॉर्फिनसारख्या औषधाची सुई टोचून मारणारा डॉक्टर! याहून मोठा विश्वासघात कल्पनेतही येत नाही. तरीही त्या काळात "डॉक्टर खरं बोलतात" म्हणणाऱ्या ब्रिटिशांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपासच राहिलं. लोकांनी ठरवलं की हा एक राक्षस होता, त्याच्यावरून डॉक्टर जात ओळखायची नाही. त्याच्या रुग्णांचे मृत्यू फार होताहेत ही शंका मार्च १९९८ मध्ये अधिकाऱ्यांच्या कानावर घातली ती शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनेच. पोलिसांचा पहिला तपास फसला ही गोष्ट वेगळी. चौकशीने वैद्यकीय परिषदेवरही ताशेरे ओढले की ती रुग्णांपेक्षा डॉक्टरांचं हित जपत आली. त्या वादातून पुढे २०१२ पासून ब्रिटनमध्ये डॉक्टरांना ठरावीक काळाने आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागू लागली.

याच्या शेजारी धर्मगुरू ठेवा. १९८५ साली गॅलपमध्ये त्यांना ६७ टक्के होते. २००१ मध्येही ६४. जानेवारी २००२ मध्ये बॉस्टनमधल्या एका दैनिकाने मालिका छापली की पाद्र्यांनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांची तिथल्या धर्मप्रांताला वर्षानुवर्षं माहिती होती आणि त्या पाद्र्यांच्या बदल्या एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये केल्या जात होत्या. त्या वर्षअखेर आकडा ५२ वर आला. तो पुन्हा कधीच पूर्ण सावरला नाही आणि २०२४ मध्ये ३० वर पोचला. या घसरणीला इतरही कारणं आहेत. लोक मुळातच चर्चपासून दूर जाताहेत. पण २००२ ची ती पायरी मात्र स्पष्ट दिसते. अत्याचार करणारे पाद्री एकूण संख्येत थोडेच होते. लोकांना जिव्हारी लागलं ते बदलीचे कागद. गुन्हेगार सगळीकडेच असतात, पण बदलीच्या कागदावर सही करणारा गुन्हेगार नसतो, तो 'व्यवस्था' असतो. तिथे लोकांचा हिशेब बदलतो.

आमच्या घरचंही उदाहरण आहे. आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच मोठ्या ऑडिट फर्मपैकी एक होती आणि एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी, जी २००१ मध्ये हिशेबातली लबाडी उघड होऊन बुडाली, तिची गिऱ्हाईक. २००० या एका वर्षात एन्रॉनकडून ऑडिटपोटी सुमारे अडीच कोटी डॉलर आणि सल्लागारीपोटी सुमारे दोन कोटी सत्तर लाख डॉलर तिला मिळाले. ज्याच्या वह्या तपासायच्या त्याच्याकडूनच त्याहून मोठं मानधन दुसऱ्या कामासाठी. कुंपणाने शेत खाण्याची सगळी तयारी होती. पण फर्म बुडाली ती चुकीच्या ऑडिटपायी नव्हे. एन्रॉनसंबंधीचे कागद श्रेडरमध्ये घातले म्हणून जून २००२ मध्ये तिला दोषी ठरवलं गेलं. ती शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एकमताने रद्द केली. तोवर जगभरातली सुमारे ८५,००० माणसं पांगली होती, रद्द झालेल्या शिक्षेचा कुणाला उपयोग नव्हता. त्याच २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. ऑडिटरांवर स्वतंत्र देखरेख मंडळ बसलं आणि ज्याचं ऑडिट करायचं त्यालाच बहुतेक प्रकारची सल्लागारी विकायला बंदी झाली. हिशेबनीसांची पत घसरली होती, ती काही वर्षांत पुन्हा सावरली. आमच्यातले लोक त्या कायद्याला अजून शिव्या घालतात. मला वाटतं आमची पत त्यानेच वाचवली. हितसंबंध कायद्याने तोडला गेला आणि तो तुटलेला लोकांना दिसला.

समितीवर असताना दोन प्रकरणं एकाच वर्षात आली, म्हणून लक्षात राहिली. पहिल्यात एका फर्मच्या भागीदाराने गिऱ्हाइकांच्या कर भरण्याच्या रकमा स्वतःच्या खात्यात वळवल्या होत्या. सरळ चोरी. बाकीच्या भागीदारांना संध्याकाळी कळलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला सहीचं पत्र गेलं: काय झालं, तुमची किती रक्कम अडकली, आम्ही ती कधीपर्यंत भरून देतो. त्या पत्राची प्रत त्यांनीच आमच्याकडे पाठवली. बहुतेक गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच राहिली. दुसऱ्या प्रकरणात चोरी नव्हतीच. वर्षअखेरीच्या मालमोजणीला हजर राहायचं होतं, ऑडिटर गेला नाही, आणि फाइलमध्ये "हजर होतो" असं लिहिलं. चूक होती, पण समज देऊन मिटण्यासारखी. प्रश्न आल्यावर त्याने मोजणीचे तक्ते नव्याने तयार करून मागची तारीख टाकली. मग सहकाऱ्याने ते खरे असल्याचं सांगितलं. मग त्यांच्या वरिष्ठाने. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकायला एकामागून एक तीन हात लागले आणि तिघांचेही परवाने गेले. त्या फर्मच्या दारावर आता दुसरीच पाटी आहे.

लपवाछपवीने पत जाते, तशी आपल्या चुकांची उघड नोंद ठेवून ती टिकवता येते हे विमान वाहतुकीत दिसतं. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक गोपनीय नोंद व्यवस्था चालवते. वैमानिक, नियंत्रक, कर्मचारी स्वतःची चूक दहा दिवसांत तिथे लिहून कळवतात. नावं पुसली जातात, आणि चूक हेतुपुरस्सर किंवा गुन्हेगारी स्वरूपाची नसेल तर कळवणाऱ्याला दंडातून बरीच सूट मिळते. रुग्णालयं या बाबतीत मागे होती. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१ पासून चूक झाली की रुग्णाला सांगायचं, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची असं धोरण घेतलं. वकिलांचा सल्ला अर्थातच उलटा असतो: काही कबूल करू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले नवे दावे दर लाख रुग्णभेटींमागे दरमहा ७.०३ वरून ४.५२ वर आलेले दिसले. इंग्लंडमध्ये २०१४ पासून रुग्णालयांवर अशी कबुली देण्याचं कायदेशीर बंधनच आहे.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर "नर्सवर विश्वास ठेवा आणि निश्चिंत राहा" असा अर्थ निघेल. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग होता. त्यांना खरं निदान सांगितलं नाही. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाल्यावरही तो दिला नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो, तेवढं बघायचं होतं. ही माणसं चाळीस वर्षं येत राहिली कशी? त्यांना गाडीतून तपासणीला नेणारी, घरी चौकशी करणारी, त्यांच्यातलीच वाटणारी एक नर्स होती, युनिस रिव्हर्स. डॉक्टर बदलत गेले, ती शेवटपर्यंत होती. लोकांनी डॉक्टरांवर नव्हे, तिच्यावर भरवसा ठेवला. ती दुष्ट होती असं कुणी म्हणत नाही. आपण यांचं भलंच करतोय अशी तिची समजूत होती असं अभ्यासक सांगतात. १९९७ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी त्या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागितली.

म्हणजे पगार तोच, स्वार्थ नाही, वागणं मायेचं, सगळं काही यादीतल्या पहिल्या क्रमांकाला शोभणारं, आणि तरी रुग्णाचा घात. कारण हितसंबंध तिच्या पगारात नव्हता. तो तिला नेमणाऱ्यांच्या उद्देशात होता. तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचाच नव्हे, त्याच्यामागे उभ्या असलेल्याचाही विचार करावा लागतो.

म्हणूनच "समाजातला विश्वास वाढला पाहिजे" ही भाषणांमधली हाक मला अर्धवट वाटते. कुणावरचा? ब्रिटनमध्ये १९८३ साली राजकारण्यांवर १८ टक्के लोकांचा विश्वास होता, २०२३ मध्ये ९ टक्के, म्हणजे तोवरचा नीचांक. हे वाईटच. पण त्याच सर्वेक्षणात १९८३ साली सरकारी नोकरशहांवर फक्त २५ टक्क्यांचा विश्वास होता, तो अलीकडच्या फेऱ्यांत दुपटीच्या आसपास पोचला आहे. धर्मगुरू तेव्हा ८५ टक्क्यांवर होते, सर्वांच्या वर. आज मागे वळून बघताना तो ८५ चा आकडा चांगला होता असं म्हणवत नाही. त्या आंधळ्या भरवशामुळे किती मुलांचं सांगणं घरच्यांनी खोटं ठरवलं असेल! अविश्वास काही वेळा उशिरा आलेला शहाणपणा असतो.

अमेरिकेत गॅलप जे अकरा व्यवसाय वर्षानुवर्षं सातत्याने विचारतं, त्यांची सरासरी या शतकाच्या सुरुवातीला चाळीस टक्क्यांच्या आसपास होती, २०२४ मध्ये तीसच्या. एकट्या डॉक्टरांचा आकडा २०२० च्या साथीत ७७ होता आणि चार वर्षांत ५३ झाला. साथीच्या काळात टाळ्या वाजवून चढलेला आकडा उतरणारच होता, पण तो पूर्वीच्या पातळीच्याही खाली गेला. पत्रकार, प्राध्यापक, पोलीस यांच्याबद्दलची उत्तरं तर आता उत्तर देणारा कोणत्या पक्षाचा आहे यावरून बरीचशी ओळखता येतात. तिथे व्यवसायाचं मोजमाप उरलेलं नाही, ते टोळ्यांचं झालंय.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, माणूस निवडताना काय करायचं. क्रमवारी बाजूला ठेवा. मी घरच्यांसाठी डॉक्टर, वकील, सल्लागार शोधतो तेव्हा बघतो त्या गोष्टी फार नाहीत.

पैसा कुठून येतो हे सरळ तोंडावर विचारतो. "मी हे घेतलं तर तुम्हाला काय मिळतं आणि नाही घेतलं तर काय?" गुंतवणूक सल्लागाराला हे विचारणं सर्वांत सोपं आणि सर्वांत गरजेचं. त्याचं कमिशन योजना विकणाऱ्या कंपनीकडून येत असेल तर तो सल्लागार नाही, विक्रेता आहे. विक्रेत्याकडूनही चांगली वस्तू मिळते, फक्त ती विक्रेत्याकडून घेतोय हे डोक्यात हवं. उत्तर देताना तो चिडला तर मी उठतो. कमिशन मिळतं हे मोकळेपणाने सांगितलं, तर बसतो.

मोठा निर्णय असेल तर निदान एकाकडून आणि उपाय दुसऱ्याकडून घेतो. दुसरं मत देणाऱ्याला आधीच सांगून टाकतो की काम तुम्हाला मिळणार नाही, फक्त मत हवंय, त्याची फी घ्या. या एका वाक्याने उत्तरं किती बदलतात ते एकदा करून बघा.

व्यवसायाची नोंदणी ठेवणारी जी परिषद असेल, तिने गेल्या काही वर्षांत किती जणांवर कारवाई केली हे बघतो. लोक उलटं वाचतात: कारवाया जास्त म्हणजे व्यवसाय सडलेला. मला एकही कारवाई नसलेली परिषद जास्त घाबरवते. आमच्या समितीची पहिली तीन वर्षं एकही परवाना रद्द झाला नव्हता, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. तेव्हा तक्रारी कपाटात होत्या हे चौथ्या वर्षी कपाट उघडल्यावर कळलं. त्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडेही होती.

आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतोच: "तुमच्या हातून अलीकडे कोणती चूक झाली, आणि समोरच्याला ती कशी कळली?" बहुतेक जण गोंधळतात, काही जण चिडतात, काही "देवाच्या कृपेने अजून तरी नाही" म्हणतात. एका सर्जनने मात्र डोळ्यांवरचा चश्मा काढून पुसला आणि सांगितलं, "तीन महिन्यांपूर्वी. मी स्वतः सांगितलं, त्याच दुपारी. त्यांच्या मुलीने माझ्याशी बोलणं टाकलंय." शस्त्रक्रिया आम्ही त्यांच्याकडेच करून घेतली.